रोज तोच रस्ता, रोज वेगळं अंतर: जीपीएस घड्याळाचं परत परत येणारं दुखणं

तक्रार साधारण अशी असते. धावण्याचा रस्ता ठरलेला, वळणं ठरलेली, जिथे थांबायचं तो खांबसुद्धा ठरलेला. तरी घड्याळ सोमवारी ४.८८ किलोमीटर दाखवतं, बुधवारी ५.११ आणि शनिवारी ५.०२. पाय एका लयीत पडत असताना पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ, मिनिटं:सेकंद) ५:१० वरून एकदम ६:०५ वर जातो आणि परत येतो. मग कुणीतरी सुचवतं, फॅक्टरी रीसेट करून बघ. रीसेट केल्यावर काही दिवस सगळं सुरळीत चालतं. आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तेच.

एका हंगामात मी हे तीनदा केलं. तिसऱ्या खेपेनंतर मात्र वही घेतली आणि रोज चार गोष्टी लिहायला लागलो: बाहेर आल्यावर स्टार्ट दाबण्याआधी किती वेळ थांबलो, रस्त्यात दाट झाडी किंवा उंच इमारती किती होत्या, बॅटरी किती टक्के होती आणि घड्याळ फोनशी शेवटचं कधी सिंक झालं होतं. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा चौथ्या रकान्याने उत्तर दिलं. आकडे बिघडलेले जवळजवळ सगळे दिवस सिंक बंद पडल्यानंतरचे होते. रीसेटने घड्याळ दुरुस्त होतच नव्हतं. रीसेटनंतर ते फोनला नव्याने जोडावं लागतं, त्या जोडणीत एक छोटी फाइल घड्याळात उतरते, आणि गुण त्या फाइलचा होता. काही दिवसांनी फाइल शिळी झाली की दुखणं परत येत होतं.

तुमचं घड्याळही असंच काही दिवस नीट आणि काही दिवस बेताल वागत असेल, तर रीसेटकडे वळण्याआधी पुढची तपासणी करा. रीसेटमध्ये घड्याळाने शिकलेली तुमच्या पावलाची लांबी, हार्ट रेटचे झोन (ठोक्यांनुसार पाडलेले श्रमाचे टप्पे), स्क्रीनची मांडणी असं बरंच काही पुसलं जाऊ शकतं, आणि ते पुन्हा बसवेपर्यंत घड्याळाचे अंदाज आणखीच ढिले होतात.

आधी नकाशा बघा

एकूण अंतराच्या आकड्यावरून कारण कळत नाही. ज्या दिवशी आकडा चुकला त्या दिवसाची रेघ ॲपमध्ये नकाशावर उघडा, बोटांनी मोठी करा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजर फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढची दिशा त्यावरच ठरते.

पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्ये रेघ भलतीकडे भरकटलेली आणि नंतर व्यवस्थित रस्त्यावर बसलेली दिसली, तर घड्याळाला जागा पक्की सापडण्याआधीच तुम्ही निघालात. ठरावीक पट्ट्यातच रेघ करवतीच्या दात्यांसारखी होत असेल आणि तिथे उंच इमारती किंवा घनदाट झाडी असेल, तर उपग्रहाचा संदेश अडतो आहे किंवा आदळून येतो आहे. वळणं कापलेली दिसत असतील तर घड्याळ बिंदू कमी घेतं आहे. मधेच पट्टीने ओढल्यासारखी लांब सरळ रेघ असेल, तर तेवढा वेळ जागाच मिळाली नाही किंवा ऑटो पॉजने (तुम्ही थांबलात असं वाटलं की आपोआप थांबण्याच्या सोयीने) नोंद थांबवली. आणि अख्खी रेघ रस्त्याला समांतर पाच-सात मीटर सरकलेली असेल, पण तिचा आकार बरोबर असेल, तर ते सोडून द्या. सरकलेल्या रेघेची लांबी तेवढीच राहते, आणि कित्येकदा नकाशाचं चित्रच थोडं सरकलेलं असतं.

माझ्या बिघडलेल्या दिवसांपैकी बहुतेक दिवस पहिल्या प्रकारातले होते. बऱ्याच जणांचे तसेच निघतील, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

स्टार्ट दाबण्याआधीचं एक मिनिट

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. अक्षांश, रेखांश आणि उंची ही तीन अज्ञातं झाली. चौथं म्हणजे मनगटावरच्या घड्याळाची स्वतःची वेळ किती चुकते आहे ते. हे चौथं फार नाजूक आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की अंतरात ३०० मीटरची झाली.

उपग्रह किती लांब आहे एवढं कळून भागत नाही, तो त्या क्षणी नेमका कुठे आहे हेही माहीत असावं लागतं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील स्वतःच सांगत असतो, पण सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे. हा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितला जातो आणि तो साधारण चार तास उपयोगी पडतो. काल सकाळी धावून आज सकाळी पुन्हा निघालात, तर कालचं सगळं टाकाऊ झालेलं असतं. घड्याळाला चार-पाच उपग्रहांचं म्हणणं नव्याने ऐकून घ्यावं लागतं. ऐकता ऐकता तुम्ही झाडाखाली शिरलात किंवा इमारतीच्या आडोशाला गेलात, तर मधला तुकडा हुकतो आणि तो परत येईपर्यंत आणखी अर्धं मिनिट जातं.

हे टाळण्यासाठी पुढच्या काही दिवसांत कोणता उपग्रह कुठे असेल याचा आधीच मांडलेला अंदाज घड्याळात पाठवला जातो. हीच ती छोटी फाइल. ती फोनच्या ॲपमधून उतरते, काही मॉडेलांत वायफायवरूनही येते, आणि मॉडेलनुसार काही दिवसांपासून दोनेक आठवड्यांपर्यंत टिकते. फाइल ताजी असली की उघड्यावर येऊन काही सेकंदांत जागा सापडते. शिळी असली की एक मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. या वेळात कंटाळून निघालं की पहिला किलोमीटर वाया गेलाच म्हणून समजा.

सिंक का थांबतं? बहुतेक वेळा दोष फोनच्या बॅटरी-बचतीचा असतो. बरेच दिवस उघडलं नाही की फोन ते ॲप पार्श्वभूमीला बंद करून टाकतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा, पार्श्वभूमीला चालण्याची परवानगी द्या, आणि फोनचं मोठं अपडेट आलं की या परवानग्या जागेवर आहेत ना ते पुन्हा तपासा. घड्याळावर फोनची नोटिफिकेशनं येत आहेत म्हणजे सिंकही चालू असेल, असं धरू नका. मी बरेच दिवस तसंच धरलं होतं. काही फोनांत नोटिफिकेशनं या ॲपच्या मदतीशिवाय थेट ब्लूटूथवरून येतात, त्यामुळे ॲप बंद पडल्याचं लक्षातही येत नाही. खात्री करायची तर ॲप उघडा आणि शेवटच्या सिंकची वेळ वाचा. काही घड्याळांच्या सेटिंग्जमध्ये या फाइलची स्थितीही दिसते, चालू आहे की मुदत संपली आहे ते. माझी सवय आता अशी आहे की बूट घालायच्या आधी ॲप एकदा उघडायचं आणि सिंक पूर्ण होईपर्यंत ते हातात धरायचं.

दुसरी सवय उघड्यावर थांबण्याची. घड्याळावर जीपीएसचं चिन्ह हिरवं होतं किंवा ते थरथरतं, त्याचा अर्थ जागा पहिल्यांदा सापडली एवढाच. त्या वेळी चार-पाचच उपग्रह हाती असू शकतात, तेही आकाशाच्या एकाच बाजूचे. आणखी ३० ते ६० सेकंद थांबलात तर संख्या वाढते आणि जागा स्थिरावते. हा वेळ घोटे आणि कंबर मोकळी करण्यात घालवा. मात्र छपराखाली किंवा दारातच स्ट्रेचिंग करत उभं राहू नका, अर्धं आकाश तरी डोक्यावर मोकळं असू द्या.

लांबच्या प्रवासानंतर किंवा घड्याळ महिनाभर पडून राहिल्यानंतर पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं उघड्यावर ठेवलं की बरं. सगळ्या उपग्रहांचा ढोबळ आराखडा उपग्रहांकडूनच पूर्ण ऐकायचा झाला तर साडेबारा मिनिटं लागतात.

इमारती, झाडी आणि आपलं स्वतःचं शरीर

उंच इमारतींच्या मधून धावताना काही संदेश थेट येण्याऐवजी काचेवर किंवा भिंतीवर आदळून येतात. वाट ३० मीटरने लांबली तर संदेश १०० नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो, आणि घड्याळाला उपग्रह तेवढा दूर वाटतो. रेघ रस्त्यावरून उडी मारून इमारतीच्या पोटातून जाते ती यामुळे.

यावर खरा उतारा दुहेरी फ्रीक्वेन्सीचा आहे. जुनी घड्याळं फक्त एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतात. नवी बरीच घड्याळं त्याच्या जोडीला एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झही ऐकतात. एल५ वरचा सांकेतिक क्रम एल१ वरच्या नागरी क्रमाच्या दहापट वेगाने चालतो, त्यामुळे थेट आलेला आणि आदळून आलेला संदेश वेगळा ओळखणं सोपं जातं. तुमच्या घड्याळात ही सोय असूनही बंद असू शकते, कारण तिने बॅटरी लवकर संपते. प्रत्येक खेळासाठी हे सेटिंग वेगळं असतं हेही लक्षात असू द्या. धावण्यासाठी चालू केलं म्हणजे सायकलिंगसाठी झालं असं नाही.

ही सोय नसेल तर निदान जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, गॅलिलिओ, बेईडू या इतर उपग्रह-यंत्रणांपैकी जे मिळेल ते चालू करा. जास्त उपग्रह दिसले की अडलेल्यांचं नडत नाही. कोणती जोडी चांगली यावर खूप वाद वाचायला मिळतील. माझा सल्ला: एक जोडी निवडून दोन आठवडे तीच ठेवा, मग दुसरी. रोज बदलत राहिलात तर काहीच कळणार नाही.

शरीर मुख्यतः पाण्याचं बनलेलं आहे आणि पाणी हे संदेश शोषून घेतं. म्हणून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालू नका, आणि जॅकेटची बाही किंवा हातमोजा वर आला तरी घड्याळाचा चेहरा आकाशाकडे राहील असं बघा. पावसाने भिजलेली दाट पानंही संदेश बरेच क्षीण करतात, त्यामुळे झाडीतल्या पायवाटेवर ओल्या दिवशी आकडा जास्त हलतो. तिथे करण्यासारखं फारसं काही नाही. त्या वाटेवर पेसऐवजी वेळ आणि श्रम यांवर धावा.

घड्याळ बॅटरी वाचवत असेल तर

कापलेली वळणं दिसली तर दोन सेटिंग्ज तपासा. एक, नोंद दर सेकंदाला होते की घड्याळ स्वतः ठरवून कमी बिंदू साठवतं. दुसरं, बॅटरी-बचतीचा मोड. या दोन्हींत फरक आहे. पहिल्यात साठवणूक विरळ होते, त्यामुळे नकाशा ओबडधोबड दिसतो. दुसऱ्यात मात्र जीपीएसच अधूनमधून बंद राहतं आणि मधलं अंतर हाताच्या हालचालीवरून भरलं जातं. ५:०० च्या पेसने तुम्ही सेकंदाला ३.३ मीटर जाता. सहा सेकंद जीपीएस बंद म्हणजे २० मीटर अंदाजाने भरले. नागमोडी रस्त्यावर हे जाणवतंच.

बॅटरी एका पातळीखाली गेली की काही घड्याळं न विचारता या मोडमध्ये जातात. वहीत बॅटरीचे टक्के लिहायचे ते यासाठी. रोजच्या तासाभराच्या सरावाला हा मोड कधीच नको. तो दिवसभराच्या डोंगरभ्रमंतीसाठी आहे.

ऑटो पॉजही बंद करा. सिग्नलवर थांबणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो, पण चढावर वेग मंदावला किंवा झाडाखाली जीपीएस अडखळलं की घड्याळाला तुम्ही थांबलात असं वाटतं, आणि परत सुरू होईपर्यंतचे मीटर गळतात. थांबायचं असेल तर बटण दाबा.

पेस उड्या मारतो तेव्हा

हा आकड्यांचाच गुण आहे, आणि तो समजला की निम्मी चिडचिड कमी होते. ५:०० चा पेस म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर. घड्याळाने वेग मोजताना सेकंदाला फक्त ०.२ मीटरची चूक केली, तर पेस एका बाजूला ४:४३ आणि दुसऱ्या बाजूला ५:१९ दिसतो. चूक एवढीशी, आणि स्क्रीनवर ३६ सेकंदांचा फरक. त्यामुळे क्षणाक्षणाचा पेस बघून वेग कमी-जास्त करत राहिलात तर सरावाचा बट्ट्याबोळ होतो. मी नवख्या धावपटूंच्या स्क्रीनवरून तो आकडा सरळ काढायला सांगतो. त्याच्या जागी चालू लॅपचा, म्हणजे धावेच्या सध्याच्या टप्प्याचा, सरासरी पेस ठेवा. लॅप एक किलोमीटरचा असेल तर पहिल्या दोनशे मीटरनंतर तो विश्वासाचा होतो आणि पुढे उड्या मारत नाही.

इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोरात धावायच्या छोट्या तुकड्यांच्या सरावात, आणखी एक अडचण असते. आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढतं, त्यामुळे वेग वाढवल्यावर तो स्क्रीनवर उशिरा दिसतो. ४० सेकंदांच्या तुकड्यात हा उशीर फार मोठा आहे. मनगटाकडे बघत आणखी जोर लावणारे पहिल्या दोन तुकड्यांतच संपतात. २०० किंवा ४०० मीटरचे तुकडे मैदानावरच्या खुणांवर धावा आणि घड्याळाचा उपयोग फक्त वेळ घेण्यासाठी करा.

ज्यांना क्षणाचा पेस हवाच आहे त्यांनी बुटाला लावायचा सेन्सर वापरावा. तो पावलाची हालचाल मोजतो, त्याला आकाश लागत नाही. मोजलेल्या अंतरावर एकदा कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा त्या अंतराशी जुळवून घ्या, आणि बूट बदलले की परत करा.

ट्रॅक आणि शर्यत

४०० मीटरचा ट्रॅक पहिल्या लेनमध्ये, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेला असतो. लेन १.२२ मीटर रुंद. त्यामुळे दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे ४०७ मीटरची होते, चौथ्यात ४२२ आणि आठव्यात ४५३. चौथ्या लेनमध्ये दहा फेऱ्या धावून घड्याळ ४.२२ दाखवत असेल, तर घड्याळ बरोबर आहे. ट्रॅकवर साधा रनिंग मोड वापरू नका. ट्रॅक मोड असेल तर तो लावा, लेनचा आकडा बरोबर भरा, आणि पहिल्या काही फेऱ्या लेन न बदलता धावा, म्हणजे घड्याळ ट्रॅकचा आकार ओळखतं. तो मोड नसेल तर प्रत्येक फेरीला लॅपचं बटण.

मॅरेथॉनमध्ये घड्याळाने ४२.६ दाखवलं म्हणून मार्ग चुकीचा मोजला असं म्हणणारे दर शर्यतीनंतर भेटतात. ४२.१९५ किलोमीटरचा प्रमाणित मार्ग कॅलिब्रेट केलेल्या सायकलने, शक्य त्या सगळ्यांत जवळच्या वाटेवरून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजतात. मार्ग कमी भरू नये म्हणून वर ०.१ टक्का, म्हणजे सुमारे ४२ मीटर, वाढवून धरतात. गर्दीत ती जवळची वाट तुम्हाला मिळत नाही, पाण्याच्या टेबलाकडे वळावं लागतं, आणि वर जीपीएसची थरथर रेघेची लांबी वाढवते. याचा तोटा असा की ऑटो लॅप (घड्याळ दर किलोमीटरला आपोआप लावतं तो) किलोमीटरच्या पाट्यांच्या आधीच वाजायला लागतो. ३० किलोमीटरपर्यंत घड्याळ दोनशे-तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं आणि त्यावरचा सरासरी पेस तुम्हाला खोटा दिलासा देत राहतो. शर्यतीच्या दिवशी ऑटो लॅप बंद ठेवा आणि प्रत्येक पाटीला हाताने लॅप दाबा.

हार्ट रेट भलताच दिसतो

अंतर सुधारलं तरी हा दुसरा घोळ राहतोच, आणि त्याचं नुकसान जास्त आहे, कारण सोपा दिवस किती सोपा ठेवायचा हे आपण यावर ठरवतो. मला एकदा बरेच आठवडे सोप्या धावेत १७० च्या वर ठोके दिसत होते. मी वेग कमी केला, आणखी कमी केला, शेवटी मधे चालायला लागलो, आणि मनात भलत्या शंका यायला लागल्या. एके दिवशी थांबून मानेवर बोटं ठेवली. १५ सेकंदांत ३४ ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. त्या क्षणी घड्याळ १७४ सांगत होतं. १७४ हा मिनिटाला पडणाऱ्या माझ्या पावलांचा आकडा होता.

मनगटावरचा सेन्सर त्वचेत हिरवा प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो ते मोजतो. घड्याळ सैल असलं की प्रत्येक पावलाच्या धक्क्याने तेवढ्याच नियमितपणे प्रकाश हलतो, आणि सेन्सर ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: ॲपमध्ये हार्ट रेट आणि कॅडेन्सचे (मिनिटाला पडणाऱ्या पावलांचे) आलेख एकावर एक ठेवा. दोन्ही रेघा १६५ ते १८० च्या पट्ट्यात चिकटून चालल्या असतील तर तो तुमचा हार्ट रेट नाही.

उपाय: मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर घड्याळ घ्या, धावण्यापुरता पट्टा एक घर घट्ट करा, मागची काच पुसून घ्या. थंडीत त्वचेकडे रक्त कमी येतं, तेव्हा पहिली दहा मिनिटं नीट वॉर्मअप केल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका. गडद टॅटू असलेल्या मनगटावर हा सेन्सर अडखळतो, तिथे हात बदला. इंटरव्हलसाठी मात्र छातीचा पट्टाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तो हृदयाचे विद्युत संकेत वाचतो, त्याला पावलांचा गोंधळ होत नाही. घालण्याआधी त्याचे पॅड ओले करा. कोरड्या पॅडमुळे पहिल्या काही मिनिटांत २०० पार आकडे दिसू शकतात. तेच आकडे मधूनमधून यायला लागले तर आधी त्याची नाण्यासारखी बॅटरी बदलून बघा.

झोन चुकीचे वाटत असतील तर कमाल हार्ट रेट कुठून आला ते तपासा. घड्याळात तो बहुधा २२० उणे वय असा धरलेला असतो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत या आकड्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. चढावरच्या कडक सरावात किंवा शर्यतीच्या शेवटी छातीच्या पट्ट्याने नोंदवलेला तुमचा स्वतःचा आकडा तिथे भरा. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज), रिकव्हरीचे तास, ट्रेनिंग स्टेटस हे सगळं पेस आणि हार्ट रेट यांवरून काढलेलं गणित आहे. मुळातले दोन आकडे सुधारले की ही गणितं दोन-तीन आठवड्यांत आपोआप जागेवर येतात. त्यांच्यासाठी वेगळं काही करू नका.

थोडक्यात उरलेलं

सपाट रस्त्यावर चढाई दिसत असेल तर दाबमापकाचं छिद्र बघा. घाम आणि साबण सुकून ते बुजतं. कोमट साध्या पाण्यात घड्याळ थोडा वेळ ठेवून धुवा, सुई घालू नका. हवामान बदललं तरी हा आकडा सरकतो: समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर उंची.

ट्रेडमिलवर घड्याळ हाताच्या झोक्यावरून अंतर काढतं. दांडा धरून धावलात तर ते चुकणारच.

चार्जिंग मधेच तुटत असेल तर घड्याळाच्या मागचे धातूचे बिंदू मऊ ब्रशने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जर लावा. घामाने ओलं घड्याळ चार्जिंगला लावणं हे ते बिंदू गंजण्याचं मोठं कारण आहे.

खूप जुन्या घड्याळावर सराव ॲपमध्ये दिसतच नसेल तर त्याची तारीख वाचा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा १,०२४ झाला की शून्यावर येतो. शेवटचं असं एप्रिल २०१९ मध्ये झालं. सॉफ्टवेअर अद्ययावत न झालेली घड्याळं तेव्हापासून सुमारे वीस वर्षं मागची तारीख लावतात, आणि तुमचा आजचा सराव ॲपमध्ये त्या जुन्या वर्षात जाऊन बसलेला सापडतो.

खरंच घड्याळच बिघडलं आहे का

हे ठरवायला एक चाचणी पुरते. ताजं सिंक, पूर्ण चार्ज, दर सेकंदाची नोंद, ऑटो पॉज बंद. झाडं आणि इमारती नसलेल्या मोकळ्या जागी जा, हिरवं झाल्यावर एक मिनिट थांबा, आणि मोजलेल्या सरळ अंतरावर जाऊन-येऊन किमान तीन किलोमीटर धावा. वेगवेगळ्या तीन दिवशी हेच करा. १ टक्क्याच्या आसपासचा फरक चालू द्या. ५ किलोमीटरवर ५० मीटर इकडे-तिकडे हे मनगटावरच्या जीपीएससाठी नेहमीचं आहे. तिन्ही दिवस ३ टक्क्यांहून जास्त चूक आली, किंवा मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं उभं राहूनही जागा सापडत नसेल, तर आधी साधं बंद-चालू करा, मग फर्मवेअर (घड्याळाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि तरीही तेच राहिलं तर रीसेट. अपडेट किंवा रीसेट शर्यतीच्या आठवड्यात करू नका.

रीसेटनंतरही ताज्या सिंकने तीच चूक येत राहिली, तर अँटेना किंवा चिप गेलेली असू शकते, मग दुरुस्तीला द्या. देताना स्क्रीनचे फोटो पाठवून भागत नाही. तिन्ही चाचण्यांच्या मूळ फाइली ॲपमधून उतरवून घ्या, त्यांत प्रत्येक सेकंदाची जागा आणि वेग असतो, आणि सोबत प्रत्येक दिवशी शेवटचं सिंक किती वाजता झालं होतं ते लिहून द्या. माझं तक्रारपत्र पहिल्यांदा फोटोंमुळेच परत आलं होतं. फाइली आणि सिंकच्या वेळा मांडायला बसलो, तेव्हा ते पाठवायची गरजच उरली नाही.